सोळा आठवड्यांचा खर्च कोणी सोसायचा?

पावसाळी सत्राची घडी बसली की माध्यमिक शाळांच्या शिक्षक-कक्षात काही जादा खुर्च्या येतात. बीएडच्या दुसऱ्या वर्षाचे छात्राध्यापक आंतरवासितेसाठी हजर झालेले असतात. मुलांच्या लेखी ते नवे सर आणि नव्या मॅडम. परिपाठाला त्यांची पाळी लागते, वर्गावर त्यांचा तास लागतो, कुणी शिक्षक रजेवर असला तर ‘ऑफ’ तासालाही त्यांनाच पाठवले जाते. पगाराच्या दिवशी मात्र त्यांच्या वाट्याला काही येत नाही. शिकाऊ माणसाला पगार कसला, असे म्हणून हा विषय संपवता येतो आणि आजवर तो तसाच संपवला गेला आहे. पण ही मंडळी पदवीधर आहेत, काहींचे लग्न झालेले आहे, काहींच्या कमाईवर घरचा किराणा अवलंबून आहे. वर्गात उभे राहण्याच्या या काळात त्यांनी खायचे काय आणि शाळेपर्यंत यायचे कशाने, हा प्रश्न शिक्षक-शिक्षणाच्या चर्चेत क्वचितच कुणी विचारतो.

नियम काय सांगतात ते आधी पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बीएडचा अभ्यासक्रम एकाचा दोन वर्षांचा केला आणि त्यात किमान वीस आठवड्यांचा शालेय अनुभव घातला. पहिल्या वर्षी चार आठवडे, दुसऱ्या वर्षी सोळा. वर्षाला परीक्षा आणि प्रवेशाचा काळ सोडून किमान दोनशे कामाचे दिवस आणि आठवड्याला किमान छत्तीस तास काम अपेक्षित आहे. हजेरी इतर कामासाठी ऐंशी टक्के, आंतरवासितेसाठी नव्वद टक्के. सहा दिवसांचा आठवडा धरला तर सोळा आठवड्यांचे ९६ दिवस होतात. त्यांतले ८७ दिवस भरलेच पाहिजेत. आजारपण, घरचे लग्नकार्य, सोयाबीनची काढणी, लहान मुलाचा ताप, दुसऱ्या एखाद्या परीक्षेचा पेपर या सगळ्यांसाठी मिळून उरतात नऊ दिवस.

हा नियम जाचक वाटला तरी तो उगाच आलेला नाही, आणि त्यामागचा इतिहास महाराष्ट्राचाच आहे. राज्यात एके काळी डीएडच्या विद्यालयांचे पीक आले होते. २९१ संस्थांना मान्यता नाकारल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने या संस्थांची तपासणी करवली, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य संस्था निकषांना उतरत नसल्याचे निघाले. २०१२ च्या अहवालात आयोगाने देशभरातल्या शिक्षक-शिक्षणाचीच झाडाझडती घेतली. प्रशिक्षण शाळेपासून तुटलेले आहे आणि त्याचा कालावधी अपुरा आहे, हा त्यातला मुख्य सूर होता. थोडेसे सराव पाठ उरकून पदवी हातात पडण्याची पद्धत बंद व्हावी म्हणून २०१५ पासून दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि लांब आंतरवासिता आली. वर्गात दीर्घकाळ राहिल्याशिवाय शिक्षक घडत नाही, या निष्कर्षाशी वाद घालण्यासारखे काही नाही.

हिशेब चुकला तो पुढे. आठवडे वाढवताना त्या आठवड्यांचा खर्च कुणी उचलायचा, हे ठरवलेच गेले नाही. अभ्यासक्रम एक वर्षाचा होता तेव्हा पदवीनंतरचे एक वर्ष कसेबसे काढता येत असे. आता दोन वर्षे काढायची, आणि त्यातला सगळ्यात लांब सलग तुकडा नेमका अशा वेळेचा, जी वेळ बाजारातही कामाची असते. माध्यमिक शाळा बहुतेक ठिकाणी अकरा ते पाच. दुकान, कार्यालय, बँकेतले कंत्राटी काम, सगळ्यांची वेळ तीच. महाविद्यालयात तास असताना दुपारनंतर दोन-तीन तास काम करणारा मुलगा आंतरवासितेत ते काम टिकवू शकत नाही. म्हणजे खर्च वाढतो आणि उत्पन्न थांबते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात होतात.

खर्च वाढतो कसा, तेही पाहिले पाहिजे. शिक्षण शुल्क ठळकपणे दिसते आणि त्याची चर्चाही होते. आंतरवासितेतले खर्च मात्र सुटे असल्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. घरापासून शाळेपर्यंतचे रोजचे भाडे असते. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्याने मुलींना मोठा हातभार लागला, पण जिथे एसटी वेळेवर नाही तिथे वडापचे पैसे पुरेच द्यावे लागतात. बऱ्याच महाविद्यालयांत छात्राध्यापिकांना ठरावीक रंगाच्या साड्या घ्याव्या लागतात. कार्डशीट, स्केचपेन, तक्ते, प्रतिकृती, पाठटाचणांच्या वह्या, झेरॉक्स, शेवटी बांधणी करून द्यायचे अहवाल. दुपारचा डबा विसरला तर बाहेरचा खर्च. यातली एकही रक्कम मोठी नाही. पण सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हे या चार महिन्यांत रोज अनुभवाला येते.

एखाद्या तालुक्याच्या गावातल्या छात्राध्यापिकेचा दिवस डोळ्यासमोर आणून पाहू. स्वयंपाक आणि डबे आटोपून साडेआठला ती घराबाहेर पडते. दहाच्या सुमारास शाळेत. साडेदहाला परिपाठ, मग दिवसाला स्वतःचा एक किंवा दोन पाठ, सहकाऱ्याच्या एखाद्या पाठाचे निरीक्षण, मधल्या वेळेत पोषण आहाराच्या रांगेवर उभे राहणे. मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरायला सांगितली तर तेही तिच्याच मोबाइलवर, तिच्याच डेटावर. पाचला शाळा सुटते. सहा ते आठ ती एका खासगी क्लासमध्ये पाचवी ते सातवीला शिकवते, कारण महिन्याचा खर्च त्यातून निघतो. साडेआठला घर. जेवणे, आवराआवर. उद्याच्या पाठाचे टाचण काढायला ती बसते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. उद्दिष्टे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, मूल्यमापन, फलक-लेखन असे रकाने अजून कोरे असतात.

समजा उद्या आठवीला समांतरभुज चौकोन शिकवायचा आहे. वेळ हाताशी असेल तर ती पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या कापील, दोन लांब आणि दोन आखूड, आणि टोकांना टाचण्या लावून चौकट जोडील. वर्गात ती चौकट तिरकी करून दाखवता येते. कोन बदलत जातात, तरी संमुख बाजू सारख्याच राहतात आणि संमुख कोनांची जोडीही सारखीच राहते. चौकट सरळ उभी केली की आयत होतो, हे मुले सांगण्याआधीच ओरडून सांगतात. पट्ट्या कापायला आणि प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे ते ठरवायला तास-दीड तास लागतो. रात्री साडेदहाला तो वेळ नसतो. मग गेल्या वर्षीच्या सीनिअरची वही समोर येते आणि टाचण जसेच्या तसे उतरते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर व्याख्या, त्याखाली गुणधर्म, त्याखाली एक उदाहरण. पाठ झाला, सही झाली, गुणही मिळाले. मुलांच्या आणि तिच्या स्वतःच्या शिकण्याचे जे नुकसान झाले, त्याची नोंद मात्र कुठल्याही रकान्यात होत नाही. आर्थिक ओढाताण आणि अध्यापनाचा दर्जा यांचा संबंध इतका थेट आहे.

या ओढाताणीतून सुटण्याची दुसरी वाट सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर नियमित असलेला, पण वर्गात आणि शाळेत फारसा न फिरकणारा विद्यार्थी. बोलीभाषेत त्याला ‘नॉन-अटेंडिंग’ म्हणतात. कुठे खासगी नोकरी चालू असते, कुठे पोलिस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी. हजेरीच्या बदल्यात जादा पैसे मोजले जातात, वह्या दुसरा कुणीतरी लिहून देतो, पाठ एका दिवसात उरकले जातात. हा भ्रष्टाचारच आहे आणि त्याला कारवाईच लागू पडते. पण तो केवळ आळसावर पोसलेला नाही. काम सोडणे परवडत नाही आणि पदवीशिवाय पुढे जाता येत नाही, अशा कोंडीत सापडलेला माणूस या बाजाराचा गिऱ्हाईक होतो. वर्मा आयोगाला जी दुकानदारी मोडायची होती, तिला खर्चाच्या या न सोडवलेल्या प्रश्नाने नवे गिऱ्हाईक मिळवून दिले आहे.

शिकाऊ माणसाला मोबदला न देणे ही काही आपल्याकडची सार्वत्रिक रीत नाही. एमबीबीएसनंतर आंतरवासिता करणाऱ्या डॉक्टरांना राज्य शासन विद्यावेतन देते, ते २०२४ मध्ये दरमहा १८ हजार रुपये झाले. त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. तीत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये ठरले. या योजनेतले अनेक प्रशिक्षणार्थी शाळांवरही गेले. मात्र शिक्षण चालू असलेल्या उमेदवाराला ती योजना बंद आहे. परिणामी एकाच शाळेत दोन पदवीधर शेजारी बसतात. एकाला कामाचा अनुभव मिळावा म्हणून शासन दहा हजार देते. दुसरा शिक्षक होण्याचा रीतसर अभ्यासक्रम पुरा करतो आहे, महाविद्यालयाला शुल्क भरतो आहे, रोजचे तास घेतो आहे, आणि त्याला एसटीचे भाडेही मिळत नाही. यामागे कुणाचा वाईट हेतू नाही. दोन खात्यांनी आपापल्या योजना आखल्या आणि मधली जागा कुणीच पाहिली नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. आंतरवासिता हे शिक्षण आहे, नोकरी नव्हे; छात्राध्यापकामुळे शाळेचे काम वाढतेच, कारण मार्गदर्शक शिक्षकाला त्याचे पाठ पाहावे लागतात, चुका सुधाराव्या लागतात. हे खरे आहे. म्हणूनच इथे पगाराची मागणी करणे योग्य ठरणार नाही. पण शिक्षण आहे म्हणून ते विनाखर्च होत नाही. डॉक्टरांची आंतरवासिता हेही शिक्षणच असते. प्रश्न श्रमाच्या किमतीचा जेवढा आहे, त्याहून अधिक निर्वाहाचा आहे. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे सहा-सात तास एखाद्याला नियमाने बांधून ठेवले, तर त्या काळात तो जगेल कसा याची थोडी जबाबदारी बांधणाऱ्यावर येते. ऑस्ट्रेलियात हाच प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा तिथल्या सरकारने जुलै २०२५ पासून शिक्षण, परिचर्या, प्रसूतिसेवा आणि समाजकार्य या शाखांतल्या गरजू विद्यार्थ्यांना सक्तीच्या प्रात्यक्षिक-काळात दर आठवड्याला तीनशेहून अधिक डॉलर द्यायला सुरुवात केली. जर्मनीत शिक्षकाची पूर्वतयारी-सेवा साधारण दीड ते दोन वर्षांची असते आणि ती सवेतन असते. त्यांची तिजोरी आपल्याकडे नाही, पण त्यांनी धरलेले तत्त्व आपल्यालाही लागू पडते.

तोवर विद्यार्थ्याने काय करावे? कर्ज काढावे, हे उत्तर चटकन सुचते. इथे थोडे थांबून हिशेब केला पाहिजे. दीड लाखाचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,२०० रुपये पडतो. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराची सवलत असते. पण शिक्षकाच्या नोकरीचे वेळापत्रक बँकेच्या वेळापत्रकाने चालत नाही. पवित्र पोर्टलवरील भरतीसाठी लागणारी अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, आजवर २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. पहिल्या दोन चाचण्यांमधली पाच वर्षांची पोकळी ज्यांच्या वाट्याला आली, त्यांना विचारावे. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची, आणि २०२३ च्या वाढीनंतर त्याचे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार आहे. विनाअनुदानित शाळेत याहून कमीवर राबणारे पुष्कळ. म्हणून बीएडसाठी कर्ज घ्यायचेच झाले तर ते शुल्कापुरते आणि कमीत कमी असावे. रोजच्या खर्चासाठी, विशेषतः मोबाइल ॲपवरून मिळणाऱ्या झटपट कर्जाने, हे दिवस काढणे म्हणजे नोकरी लागण्याआधीच तिचा पगार खाऊन टाकणे होय.

शिष्यवृत्त्या आहेत आणि त्यांची यादी तशी लहान नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार, स्वयम् आणि आधार या योजना. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना येणाऱ्या आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अडचण असते ती वेळेची. शिष्यवृत्तीचा हप्ता पुष्कळदा वर्ष सरताना किंवा त्यानंतर जमा होतो आणि गरज असते ऑगस्टमधल्या भाड्याची. शिवाय उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, बँक खात्याला आधार जोडलेले नसणे यांपैकी एका कारणाने अर्ज परत येतो आणि मुदत टळते. महाविद्यालयातल्या एका लिपिकाने प्रवेशाच्या आठवड्यातच प्रत्येकाचा अर्ज सोबत बसून भरून घेतला, तर निम्मे त्रांगडे तिथेच सुटते.

महाविद्यालयांच्या हातात याहूनही बरेच आहे आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. आंतरवासितेच्या तारखा आणि शाळा सत्र सुरू होण्याच्या तोंडावर कळल्या, तर विद्यार्थ्याला कामाच्या ठिकाणी आगाऊ बोलता येत नाही. त्याच तारखा तीन महिने आधी जाहीर झाल्या तर तो वेळ बदलून घेऊ शकतो, पैसे बाजूला टाकू शकतो. शाळेचे वाटप करताना यादीतले अनुक्रमांक पाहण्याऐवजी घराचा पत्ता पाहावा. पुण्या-मुंबईत आणि इतर मोठ्या शहरांत दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा आहेत. संध्याकाळी काम करणाऱ्याला सकाळच्या सत्राची शाळा दिली तर त्याची दुपार तयारीला मोकळी राहते. लहान मूल असलेल्या छात्राध्यापिकेला दुपारचे सत्र नको असेल तर तेही ऐकून घ्यावे. रंगीत छपाई, चकचकीत बांधणी, दोन-दोन साड्या, निरोप समारंभाची वर्गणी यांना कात्री लावावी. टाचणांच्या संख्येपेक्षा त्यांच्या विचाराला गुण द्यावेत. वीस उतरवलेल्या टाचणांपेक्षा आठ मन लावून केलेली टाचणे शिक्षक घडवतात.

‘कमवा आणि शिका’ ही कल्पना तर याच मातीतली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती स्वावलंबनाच्या शिक्षणाचे ब्रीद घेऊन, आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले तेही याच तत्त्वावर. त्या परंपरेतून विद्यापीठांच्या कमवा व शिका योजना आल्या. विद्यार्थ्याने ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत काही तास काम करायचे आणि तासाप्रमाणे मोबदला घ्यायचा. आंतरवासितेतल्या विद्यार्थ्याला मात्र ही योजना सहसा निरुपयोगी ठरते, कारण तो दिवसभर शाळेत असतो आणि तो परतेपर्यंत महाविद्यालय बंद झालेले असते. त्याच योजनेत शालेय ग्रंथालयाची मांडणी, विज्ञान साहित्याची दुरुस्ती, मागे पडलेल्या मुलांसाठी शाळेनंतरचा एक तास अशी शाळेतली कामे धरली, तर कमाई आणि शिकणे एकाच जागी येईल. त्यासाठी नवी योजना नको, जुन्या योजनेच्या परिपत्रकात एक कलम पुरेल.

छात्राध्यापकांनीही काही गोष्टी वेळीच ठरवल्या पाहिजेत. आंतरवासिता येणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असते. पहिल्या वर्षी जे काम मिळते, त्यातली ठरावीक रक्कम या सोळा आठवड्यांसाठी बाजूला काढणे हा सगळ्यात खात्रीचा उपाय. अर्धवेळ काम निवडताना पगाराइतकेच त्याच्या वेळेकडे पाहावे. उशिरापर्यंत चालणारी केटरिंगची किंवा डिलिव्हरीची पाळी दुसऱ्या दिवशीचा पहिला तास खाऊन टाकते. शनिवार दुपार आणि रविवारचे काम त्यामानाने झेपते. आठवड्याला दहा-बारा तासांवर बाहेरचे काम गेले की पाठाची तयारी मागे पडू लागते, असा सर्वसाधारण अंदाज धरायला हरकत नाही. जी कामे या काळात थांबवता येतील ती थांबवावीत. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट, एमपीएससी आणि एमएचा बाहेरून अभ्यास, सगळे एकाच सत्रात ओढू पाहणाऱ्याच्या हाती काहीच धड लागत नाही. आणि अडचण लपवू नये. आपण संध्याकाळी काम करतो, हे मार्गदर्शक शिक्षकाला सुरुवातीलाच सांगितले तर पाठांचे दिवस पुढे-मागे होऊ शकतात. परीक्षेच्या तोंडावर सांगितले तर ती सबब ठरते. फारच कोंडी झाली तर अभ्यासक्रम प्रवेशापासून तीन वर्षांपर्यंत पूर्ण करण्याची मुभा नियमांत आहे. एक सत्र मागे पडणे हे बनावट हजेरीपेक्षा केव्हाही बरे.

कामाच्या निवडीत एक सूक्ष्म प्रश्न शिकवणीचा आहे. छात्राध्यापकाला सगळ्यात जवळचे आणि सहज मिळणारे काम तेच. शिक्षण हक्क कायद्याचे अठ्ठाविसावे कलम शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई करते. छात्राध्यापक अजून नेमणूक झालेला शिक्षक नसल्याने ते कलम त्याला लागत नाही. तरी ज्या वर्गावर आपण पाठ घेतो, त्याच वर्गातली मुले संध्याकाळी पैसे घेऊन शिकवायची नाहीत, एवढी रेघ त्याने स्वतः ओढावी. शाळेत अर्धवट सोडलेला भाग क्लासमध्ये पुरा करण्याची सवय नोकरीआधीच लागली, तर ती पुढे सुटत नाही.

घरच्यांचा वाटाही मोजला पाहिजे. बीएडला मुलींची आणि विवाहित स्त्रियांची संख्या मोठी असते, आणि ‘शिक्षिकेची नोकरी म्हणजे घर सांभाळून करता येते’ या समजुतीने त्यांना इकडे पाठवले जाते. मग शिकण्याच्या काळातही घर सांभाळणे गृहीतच धरले जाते. सासर-माहेरच्या माणसांनी चार महिने संध्याकाळचा स्वयंपाक वाटून घेतला, मुलाला शाळेतून आणण्याचे काम दुसऱ्या कुणी पत्करले, सणाची तयारी थोडी आवरती घेतली, तर त्याचा उपयोग कोणत्याही विद्यावेतनाइतकाच होतो. शुल्क भरले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या घरात ही पदवी एकटीच्या हाडांवर उभी राहते.

शासनाकडे मागायचे ते फार नाही. आंतरवासितेच्या चार महिन्यांत दरमहा पाच हजार रुपये निर्वाह-विद्यावेतन दिले, तर दर हजार विद्यार्थ्यांमागे दोन कोटी रुपये लागतात. सगळ्यांना देणे जमत नसेल तर उत्पन्नाची मर्यादा घालावी, अनुदानित आणि शासकीय शाळांत काम करणाऱ्यांपासून सुरुवात करावी. रक्कम महिन्याच्या महिन्याला आणि शाळेतील प्रत्यक्ष हजेरीवर द्यावी. असे केले तर बनावट हजेरीला आळा घालायला शासनाच्याच हाती एक साधन येते, कारण पैसे जिथे जातात तिथे तपासणीही जाते. याला पर्याय म्हणून आठवडे कमी करा, अशी सूचना अधूनमधून येते. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाच्या बीएडचा मसुदा २०२५ मध्ये पुढे आला आहे आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट ठेवले आहे. रचना कोणतीही आली तरी शाळेतला सलग काळ टळणार नाही आणि टळूही नये. तो टाळला तर आपण २०१२ च्या मागे जाऊ.

या वर्षीपुरते विद्यापीठे आणि महाविद्यालये तारखा लवकर जाहीर करू शकतात, जवळची शाळा देऊ शकतात, खर्चिक सोपस्कार काढून टाकू शकतात. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. विद्यावेतनाचा निर्णय पुढच्या अर्थसंकल्पाचा आहे आणि तो शिक्षण विभागाने आत्ताच प्रस्तावात घातला पाहिजे. चांगला शिक्षक हवा तर त्याला पुरेसा काळ वर्गात ठेवावा लागेल, हे आपण दहा वर्षांपूर्वी मान्य केले. त्या काळाचा खर्चही शिक्षणाच्याच खर्चात धरायचा, हे मान्य करणे बाकी आहे. ते होईपर्यंत ही जबाबदारी सर्वांत कमी ऐपत असलेल्या घटकावर पडत राहील, आणि ज्यांना ती पेलता येणार नाही ते चांगले शिक्षक झाले असते की नाही, हे आपल्याला कधी कळणारही नाही.